राखुंडी रंगाचं वऱ्हाड

मी जागा शोधतो. म्हणजे ज्या जागा आधीपासून तिथेच असतात, जिथे माणसं राहतात, भांडतात, दूध उतू घालवतात, तिथे मी दोन दिवस जाऊन येतो आणि एका पुरवणीत लिहितो की मला एक जागा सापडली. कुठे जावं, काय ल्यावं, तोंडाला काय फासावं आणि कशापुढे उभं राहून मान डोलवावी, हे सगळं मी पार्ल्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरून लोकांना सांगत आलो आहे. लोक ऐकतात. निदान संपादक तसं म्हणतात.

खरं सांगायचं तर मला आता या सगळ्याचा शीण आला आहे. गुडघे बोलतात. एखाद्या दरीकडे पाहिलं की दरी दिसायच्या आधी तिचं विशेषण सुचतं, आणि मग दरी बघायची राहूनच जाते. म्हणून या उन्हाळ्यात ताईचा फोन आला, "नंदू, सायलीच्या लग्नाला चार दिवस आधी ये, तुझं काम आहे," तेव्हा मला बरं वाटलं. बदलापूर. म्हणजे काही शोधायला नको. ताईच्या घरी जेवायचं आणि पंख्याखाली पडायचं.

तरी निघताना संपादकांना सांगून ठेवलंच, की उल्हास नदीच्या काठची फॅशन या विषयावर काहीतरी देतो. खोड जात नाही.

बदलापूर

कसा पोचलो ते सांगत नाही. पोचलो तेव्हा माझ्या लिननच्या शर्टाची अवस्था पिळून टाकलेल्या फडक्यासारखी झाली होती. उन्हाळ्यात बदलापूर असं तापतं की जिन्याच्या कठड्यालाही हात लावायची सोय नाही. ताईच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून मात्र डोंगरांची लांबच लांब रांग दिसते, आणि टेबलावर टोपलीत जांभळं असतात. इथल्या जांभळाची इथल्या माणसांना फार मिजास आहे. मी दोन खाल्ली आणि पांढऱ्या शर्टावर तिसरं सांडलं.

"आल्या आल्या," ताई म्हणाली. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे आणि मी अजून दुसरीत आहे असं समजून बोलते.

भावोजी कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. भावोजी बोलत नाहीत. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली, काचेच्या नळ्या आणि चंचूपात्रं हाताळत, आणि घरातली बोलायची जबाबदारी लग्नातच ताईकडे सोपवली. मला बघून त्यांनी पेपर थोडा खाली केला. त्यांच्या हिशोबी ही गळाभेट.

जेवणं झाल्यावर ताईनं काम सांगितलं.

सायलीचं लग्न ठरलं होतं जयेशशी. जयेशकडचे आगरी. अंबरनाथच्या पलीकडे त्यांचं गाव, मोठं खटलं, पूर्वी भातशेती, आता थोडी शेती, थोड्या इमारती, दोन जेसीबी. माणसं प्रेमळ आणि अफाट. त्यांच्यात हळद लग्नाहून मोठी. लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, हळदीला आला नाही तर विचारणा होते. त्यांनीच सुचवलं होतं, की हळद एकत्र करू आमच्या अंगणात, तुमच्या सोसायटीत बेंजो-ढोलाचा दणका चालायचा नाही.

"आणि त्यांच्यात हळदीला घरचे सगळे एकाच ताग्यातले कपडे घालतात," ताई म्हणाली. "पुरुषांचे कुर्ते एक, बायकांच्या साड्या एक. म्हणजे लांबून कळतं, हे घरचे. सायली म्हणते, आपणही तसं करू."

"कर की मग."

"नंदू, त्यांची माणसं बघितलीस? अंगणात मावत नाहीत. आपली मूठभर. यांचे एक भाऊ, तू, मामेभावंडं, झालं. त्या गर्दीत आपण दिसणारच नाही. मुलगी उद्या त्या घरात जायची. पहिल्याच दिवशी आपल्याकडे बघून कुणी 'हे कोण?' असं विचारायला नको. एवढंच माझं म्हणणं आहे. आपण कमी दिसायला नको."

सायली ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "मामा, तू कापड निवड. तुला कळतं त्यातलं."

यावर शहाण्या माणसानं काय म्हणायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी म्हणालो, "मी आहे ना."

उल्हासनगर, कॅम्प दोन

दुसऱ्या दिवशी भावोजींना घेऊन निघालो. त्यांना घेतलं ते पिशव्या धरायला, असं ताईचं मत. सल्ला द्यायला, असं मी त्यांना सांगितलं. दोन्ही ऐकून त्यांनी पायात चपला सरकवल्या.

उल्हासनगरात सकाळी कुणाच्याही आधी दाल-पकवान जागं होतं. कुरकुरीत तळलेली मोठी पुरी, त्यावर चण्याची डाळ, वर कांदा आणि चिंचेची चटणी. मी आयुष्यात अनेक ठिकाणी 'आर्टिसनल क्रॅकर' या नावाखाली याच्याहून वाईट गोष्टी खाल्ल्या आहेत आणि त्यांची तारीफ छापली आहे. भावोजींनी दुसरी प्लेट मागवली. बोटानं, न बोलता.

कापडबाजारात दुकानाला दुकान खेटून. जिथे जागा संपते तिथे दुकान वर चढतं, जिथे छत येतं तिथे ते गल्लीत उतरतं. आम्ही शिरलो त्या दुकानाच्या मालकांना सगळे दादा म्हणत. पांढरीशुभ्र सफारी, कपाळावर गंध, गादीवर मांडी. बसल्या बसल्या समोर पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड आला. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहाचं विचारतात आणि तो 'नको' म्हणेल अशी आशा धरतात. सिंध्यांकडे विचारत नाहीत, पापड पुढे येतो. उन्हातून आलेल्या माणसाला पाण्याबरोबर खारट काहीतरी द्यावं, ही गोष्ट मला इतकी पटली की मी पापड खातच राहिलो, आणि तिथेच माझं लक्ष थोडं ढळलं असावं.

"हळदीसाठी कापड हवं," मी म्हणालो. "पुरुषांचे कुर्ते आणि बायकांचे ब्लाऊज. साड्या मरून, त्या घेऊन झाल्यात."

"हळदीला? मग साईं, ये है ना." दादांनी मागे न बघता हात केला आणि आंब्याच्या रसाच्या रंगाचा एक आख्खा तागा गादीवर पसरला. दुकानात एकदम ऊन पडल्यासारखं झालं. त्यावर त्यांनी पोपटी टाकला, पोपटीवर राणी.

मी डोळे मिटले. "थोडं सोबर दाखवा."

"सोबर मतलब?"

"मतलब, जे ओरडत नाही."

"साईं, शादी में कपडा नहीं चिल्लाएगा तो कौन चिल्लाएगा?"

भावोजी हसले असावेत. पापडाचा आवाज आला म्हणून नक्की सांगता येत नाही.

तेवढ्यात वरच्या फळीवर, एका कोपऱ्यात, मला तो दिसला. ओल्या राखेचा रंग. किंचित हिरवट झाक, लिननसारखा पोत, अजिबात चकाकी नाही. सगळ्या किंचाळणाऱ्या रंगांच्या बाजारात हा एकटा शांत बसलेला. मला वाटलं, हा मीच आहे.

"तो काढा."

दादांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. "ये? ये तो हॉटेल लाइन का माल है."

"हॉटेल?"

"बहुत चलता है हॉटेल लाइन में. धुलाई में कुछ नहीं होता. डाग बी दिसत नाय."

हॉटेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे आलं ते माझ्या धंद्याचं पाप. डोंगराच्या कडेला निळा तलाव, पायाशी बुद्धाचं डोकं, आणि ओल्या राखेच्या रंगात हळू आवाजात बोलणारी माणसं. अशा ठिकाणी मी फुकट राहिलो आहे. तिथली चव उल्हासनगरच्या वरच्या फळीपर्यंत पोचली आहे, हा शोध मला लागला होता. मी मनातल्या मनात पुरवणीचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं.

भावोजींनी पापडाचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पसंती.

"आख्खा तागा द्या," मी म्हणालो.

कॅम्प चार

शिलाई कॅम्प चारमध्ये. इथल्या गल्ल्यांत घराच्या पुढच्या खोलीत कारखाना आणि मागच्या खोलीत स्वयंपाक. एका घरात कापड कापतात, दुसऱ्यात जोडतात, तिसऱ्यात काज-बटण, चौथ्यात बायका पायरीवर बसून धागे कापतात. एक कुर्ता अंगात जाण्याआधी अर्ध्या गल्लीच्या हाताखालून जातो. जिथे जीन्स धुतात तिथलं पाणी निळं वाहतं. ते किती निळं असतं हे मी गटारावरून उडी मारताना शिकलो. उडी नीट जमली नाही. माझ्या फिक्या रंगाच्या सुएडच्या बुटांपैकी डावा त्या दिवसापासून निळा आहे.

कटिंग मास्तर उत्तरेकडचे, तोंडात कायम सुपारी. त्यांना मी बसक्या कॉलरचा, आखूड, सरळ कुर्ता असा काय तो समजावून सांगू लागलो. वहीवर चित्र काढलं. कॉलरच्या कडेला बारीक मरून पट्टी असावी, म्हणजे बायकांच्या मरून साड्यांशी धागा जुळेल, वगैरे. मास्तरांनी चित्राकडे बघितलं, कापडाला हात लावला आणि म्हणाले, "इसका फर्मा अपने पास रेडी है. मरून पट्टी के साथ. टेन्शन नहीं."

फर्मा म्हणजे कागदाचा कापलेला नमुना, त्यावरून थरच्या थर कापड एकदम कापतात. मी ज्या कल्पनेसाठी रात्रभर जागलो होतो तिचा फर्मा या गल्लीत खुंटीला टांगलेला होता. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. मला वाटलं, बघा, अभिरुची कुठे कुठे पोचली आहे.

"साइज?" मास्तरांनी विचारलं.

"सगळे साइज. घरचीच माणसं आहेत."

"पॉकेट पे नाम डालने का है? सब डालते हैं."

मोनोग्राम. कॅम्प चारमध्ये मोनोग्राम. माझा ऊर भरून आला. मी सांगितलं, खिशावर मरून धाग्यानं 'सा' आणि 'ज', सायली आणि जयेश, लहानसं. मास्तरांनी मान हलवली. भावोजी दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "खिसा कशाला, नंदू? हळदीला खिशात काय ठेवायचं?"

त्या प्रवासातलं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य, आणि मी त्याला उत्तर दिलं, "भावोजी, डिटेलिंग."

कपडे घरी आले तेव्हा ताईनं एक कुर्ता उलगडला, खिडकीपाशी नेला आणि परत आणला.

"राखुंडीचा रंग आहे हा."

"ताई, याला सोबर म्हणतात."

"माझी सासू या रंगानं दात घासायची." तिनं घडी घातली. पण मग सायलीकडे बघून म्हणाली, "तुझ्या मामाला कळतं म्हणतेस तर असेल." तिचा माझ्यावरचा तो विश्वास मला तेव्हा मोठा मान वाटला.

अंबरनाथ पश्चिम

हळदीच्या सकाळी मी तोंड नीट करायला अंबरनाथला गेलो. नवरीला पाटाशी आणायचा मान मामाचा. मामा उजळ दिसला पाहिजे. त्याआधी पूर्वेला जाऊन शिवमंदिर बघून यावं, म्हणजे पुरवणीचा संस्कृतीचा रकाना भरेल, असा विचार केला. भर उन्हात, अनवाणी, दगडी फरशीवर. हजारेक वर्षांपूर्वीचं ते कोरीव काम मी उड्या मारत बघितलं. भिंतीवरच्या नर्तकींचे पाय आणि माझे पाय यांत त्या वेळी फारसा फरक नव्हता. एका आजींनी मला सावलीत ओढलं आणि म्हणाल्या, "देवापुढं नाचू नकोस, बस."

पश्चिमेला स्टेशनजवळच्या सलूनमध्ये पोरानं मला खुर्चीत झोपवलं आणि विचारलं, "सर, शादी आपकी है?"

"भाचीची."

"फिर टेन्शन नहीं," तो म्हणाला, आणि खरंच त्यानं कसलंच टेन्शन घेतलं नाही. चेहऱ्यावर सोनेरी चिखल, त्यावर पांढरा चिखल, मग वाफ. दाढीला 'नॅचरल ब्राऊन' मागितला, मिळाला तो बुटाच्या पॉलिशचा काळा. आरशात लालबुंद चेहऱ्याभोवती ठळक काळी चौकट असलेला एक मनुष्य बसला होता. शोकसंदेशाच्या जाहिरातीत असतो तसा. इतकी वर्षं सौंदर्यावर लिहून शेवटी मी इथे आलो होतो. खूप थकल्यासारखं वाटलं. वाटलं, हे सगळं सोडून त्या आजींच्या शेजारी सावलीत जाऊन बसावं.

अंगण

पत्रिकेत चारची वेळ होती, म्हणून आम्ही चारला पोचलो. ही चूक फक्त आमच्यासारखेच करतात. हळदीत चार म्हणजे चारनंतर कधीतरी, जेव्हा घरच्या बायकांच्या साड्या नेसून होतील तेव्हा, हे त्या गावातल्या कोंबड्यांनाही माहीत असावं. चारच्या ठोक्याला त्या अंगणात दोनच प्रकारची माणसं येतात. एक मांडववाला आणि दुसरे जेवणवाले.

सायली आमच्याबरोबर नव्हती. तिला नवऱ्याच्या बहिणी सकाळीच पार्लरला घेऊन गेल्या होत्या. व्याही, विहीणबाई, जयेश आत तयार होत होते. अंगणात बनियन घातलेले एक काका खुर्च्या मोजत उभे होते. आमच्या मागोमाग एक टेम्पो आला. आम्ही सगळे राखाडी कुर्ते, मरून पट्टी, खिशावर अक्षरं, आमच्या बायका मरून साड्यांत, राखाडी ब्लाऊज, अशी रांगेनं फाटकातून शिरलो. काकांनी वर न बघता हात केला. "मांगच्या अंगानं जा. चूल तिकरं हाय."

ताईला वाटलं, बायकांची बसायची सोय मागे असेल. ती गेली. ती गेली म्हणून सगळे गेले.

मागे मोठी कढई चढली होती, आणि कढईभोवती राखाडी कुर्त्यातली माणसं होती. मरून पट्टी. खिशावर अक्षरं. आमच्याच कॉलरी, आमचेच खांदे, आमचाच तागा. कांदा चिरणाऱ्यानं माझ्याकडे बघून ओळखीचं हसून मान हलवली.

एका क्षणात दादांचं हॉटेल लाइन, मास्तरांचा फर्मा, सगळं जागच्या जागी बसलं.

जेवणवाल्यांचा सुपरवायझर घामाघूम होऊन आला. "एजंटनं पाठवलं ना तुम्हाला? किती उशीर. मावशी, तुम्ही कोथिंबीर घ्या. काका, सरबताचा ट्रे."

"अहो, मी मामा आहे," मी म्हणालो.

"इथं सगळेच कुणाचे तरी मामा आहेत," तो म्हणाला आणि माझ्या हातात सोललेल्या लसणीची परात दिली.

मला तिथल्या तिथे ओरडून सांगता आलं असतं. पण ओरडलो असतो तर या कापडाची निवड कुणाची हेही सांगावं लागलं असतं, ते सुद्धा ताईसमोर. मी लसणीकडे बघत योग्य शब्द शोधत होतो, आणि तेवढ्यात भावोजी निघालेसुद्धा. कुणी हातात काही दिलं की ते नीट धरायचं, एवढंच त्यांना येतं. कोकम सरबताचे काठोकाठ भरलेले पेले, ट्रे एका हातावर, आणि एक थेंब न सांडता ते अंगणात पोचले. मी परात घेऊन मागे धावलो.

अंगण आता भरू लागलं होतं. जयेशकडचे पुरुष आंब्याच्या रंगाच्या कुर्त्यांत, बायका पोपटी साड्यांत, आणि त्या मांडवात असे शोभत होते की जणू दादांचं दुकान उठून इथे आलंय. पंख्यासमोर मध्यभागी जयेशची आत्या बसली होती, बेबीआत्या. हातभर बांगड्या, नाकात नथ, आवाज बेंजोच्या वर जाणारा. तिनं ट्रेवरचा पेला उचलला, एका घोटात संपवला आणि भावोजींना म्हणाली, "बाबा, दुसरा दे. आनि त्या म्हातारीला दे आदी, तिला उन बादतंय."

भावोजींनी दिला. कुणीतरी मला हाक मारली, "ए दादूस, पानी आन नं." मी आणलं.

तेव्हा फुलांनी सजवलेली गाडी फाटकात थांबली. नवऱ्याच्या बहिणींच्या घोळक्यात सायली उतरली, पिवळी साडी, फुलांचे दागिने. तिनं अंगणात बघितलं. समोर तिचा बाप, हातात ट्रे, सासरच्या माणसांपुढे वाकलेला.

"बाबा?"

भावोजी म्हणाले, "घे. ऊन आहे."

मागून ताई आली. हाताला कोथिंबीर चिकटलेली. तिनं सगळं एकदा पाहिलं, मग मला. "नंदू," ती अगदी हळू म्हणाली, "एवढंच मागितलं होतं मी." आणि भावोजींचा दंड धरला. "चला घरी."

मी खूप प्रवास केला आहे. इतकं दूर आल्यासारखं मला कुठेच वाटलं नव्हतं.

बेबीआत्या उठली. "कोन रं ह्यो?"

"नवरीचा बापूस," कुणीतरी म्हणालं.

आत्यानं भावोजींकडे बघितलं, आपल्या हातातल्या दोन रिकाम्या पेल्यांकडे बघितलं. माफी वगैरे मागितली नाही. घराकडे तोंड करून तिनं अशी हाक दिली की बेंजोवाल्याचा हात थांबला. "ए दादा. भायेर ये. नवरीचा बापूस पानी वाटतंय, आनि तुमी आतमदी नटताव?"

जयेशचे वडील एका बाहीत हात घातलेले तसेच बाहेर आले. पाठोपाठ चुलते, आणि जयेश स्वतः, कपाळाला मुंडावळ्यांची दोरी अर्धी बांधलेली. आत्यानं भावोजींच्या हातातला ट्रे काढून थेट आपल्या भावाच्या हातात दिला. "आता तू दे. सोयऱ्यांना आदी. हात नको थरथरवूस."

"ताईबाई," ती मग आमच्या ताईला म्हणाली, "घरी जाशीन तं हलदीचं कोन बगल? बस इथं, माज्या बाजूला."

ताई उभीच राहिली. तिचा हात अजून भावोजींच्या दंडावर होता. "आमची माणसं कुणाला ओळखू आली नाहीत," ती म्हणाली. "मला तेवढंच लागलं."

"ओलखू कशी येतील? ह्यो रंग कुनी आनला?"

सगळी मूठभर माणसं माझ्याकडे वळली. इतकी एकजूट आमच्यात मी पूर्वी पाहिली नव्हती.

आत्या माझ्यापुढे आली. लाल तोंड, काळी दाढी, निळा बूट, हातात लसणीची परात. तिनं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि तिला माझी दया आली असावी. "मामा का तू?"

"हो."

"मंग परात ठेव आनि नवरीला आन."

मी सायलीला पाटाशी आणलं. तिनं माझा हात घट्ट धरला होता, रागानं की आधारानं ते विचारायचं धाडस झालं नाही. आमच्याकडे हळद म्हणजे आंब्याच्या पानानं गालाला लावलेला ठिपका. इथे घमेल्यात कालवलेली होती. आधी जयेशला, मग तीच उष्टी हळद सायलीला. मग आत्यानं दोन्ही ओंजळी भरल्या आणि पाटापासून वळून सरळ भावोजींकडे गेली. चेहरा, गळा, कॉलर, छाती, खिसा. 'सा' आणि 'ज' पिवळ्यात गेले. "एकेकाला घ्या गं," ती बायकांना म्हणाली. "हलदीन ह्यो राखुंडी रंग उरला नाय पायजे."

राखुंडी. ताईनं तो शब्द ऐकला आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग काही विचारू नका. पोपटी साड्या आमच्यावर तुटून पडल्या. कोणी घमेलं उपडं केलं, कोणी हळदीचं पाणी. माझ्या दाढीचं काय झालं ते मी बोटांनीच चाचपलं. जेवणवाल्यांतले दोघेतिघेही त्या धुमाळीत सापडले आणि पिवळे झाले, आणि नंतर तासभर कुणाला पाणी मागावं हे कुणालाच कळेना. शेवटी जयेशच्या काकांनीच वाढपाला हात घातला. तांदळाची भाकरी, मटणाचा झणझणीत रस्सा, आणि आग्रह असा की नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन वाढत होते. ताई आत्याच्या शेजारी बसून जेवली. बोलत नव्हती, पण जेवली.

परत बदलापूर

संध्याकाळी निघताना रिक्षात ताई, भावोजी आणि मी. सीट पिवळी होऊ नये म्हणून तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. ताई बाहेर बघत होती. हळद वाळून चेहऱ्यावर ओढत होती, पाय ठणकत होते, निळा बूट आता हिरवा झाला होता. मी मनातल्या मनात पुरवणीच्या लेखाला रजा देऊन टाकली.

गाव मागे पडल्यावर भावोजी खाकरले.

"तो सुपरवायझर," ते म्हणाले. "फाटकापाशी आला होता माझ्याकडे."

ताईनं मान वळवली. "आता काय म्हणत होता?"

"म्हणाला, काका, हात फार स्थिर आहे तुमचा. भरल्या ट्रेतून थेंब सांडला नाही. लग्नाच्या सीझनला याल का." त्यांनी पिवळ्या कॉलरला हात लावला. "कपडे आहेतच म्हणाला."

रिक्षा एका खड्ड्यातून गेली. मग ताईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, आणि मी रिक्षातून उडी मारायच्या बेतात आलो. तिनं पदर तोंडाला लावला, तो पिवळा झाला, आणि ती हसत हसत पुढच्या दांडीवर कपाळ टेकून बसली.

"मग काय सांगितलंत त्याला?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"म्हटलं, पोरीचं लग्न उरकू दे," भावोजी म्हणाले. "आणि येईन तर मेहुण्याला घेऊन येईन. लसूण छान धरतो."